इफ्तार नसलेला रोजा

रमजानच्या महिन्यात भिवंडी झोपत नाही. तरावीहची नमाज आटोपली की तीन बत्तीपासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत दुकाने उजळतात. निजामपुरा, शांतीनगर, गैबीनगरच्या गल्ल्यांत रात्री बारालाही पाऊल ठेवायला जागा नसते. रोजा न करणारे आमचे हिंदू मित्रही या दिवसांत घरच्यांना घेऊन बाहेर पडतात, खातात-पितात, ओळखीच्यांना भेटतात. पहाटे सेहरीसाठी घराघरांतून भांड्यांचे आवाज येऊ लागतात. वर्षातला एक महिना गाव असे जागते. पण याच गावात एक जागा अशी आहे, जी बाराही महिने रात्रभर जागी असते आणि तिथली जाग सणाची नसते. ती जागा म्हणजे रुग्णालय.

तिथे रोजा सोडण्याची वेळ कशी येते, हे रात्रपाळी केलेली कोणतीही मुस्लिम परिचारिका सांगेल. अजान ऐकू येते तेव्हा हातात सलाइनची बाटली असते. बाजूची सिस्टर म्हणते, ‘जा गं, तू खजूर खाऊन ये, मी बघते.’ दहा मिनिटांत पाणी, खजूर, असेल तर भजी, आणि पुन्हा वॉर्ड. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हाच हिशेब उलटा होतो. रमजानच्या पुरवणीत आपण हे चित्र दरवर्षी मोठ्या प्रेमाने छापतो. ते खोटे नाही, आणि सुंदरही आहे. पण यंदा त्याच चित्राकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू या. चाळीस रुग्णांच्या वॉर्डात एका बाईला दहा मिनिटे बाजूला व्हायचे तर दुसरीला स्वतःचे काम सोडून दोघींचे ओझे उचलावे लागते. पाणी पिण्याइतकी उसंतसुद्धा मैत्रीच्या उधारीवर मिळवावी लागत असेल, तर ती सौजन्याची कहाणी आहेच, पण त्याहून अधिक ती अपुऱ्या मनुष्यबळाची कहाणी आहे.

थकवा वेगळा, बेज़ारी वेगळी

बारावीला माझ्याकडे शिकलेली आणि पुढे नर्सिंगला गेलेली एक विद्यार्थिनी मागे भेटली. एका खासगी रुग्णालयात नोकरी करते. रोजे ठेवून काम जमते का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘सर, रोजा जड जात नाही. इफ्तार किती वाजता आहे, ते माहीत असतं ना. ड्यूटी कधी संपेल, ते माहीत नसतं.’

या एका वाक्यात सगळा विषय आला. उर्दूत ‘थकन’ आणि ‘बेज़ारी’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. मराठीतही थकवा आणि वीट या दोन गोष्टी आपण वेगळ्या मानतो. थकवा झोपेने जातो. शेतात राबलेला, मागावर उभा राहिलेला माणूस रात्री पडतो आणि सकाळी पुन्हा उभा राहतो. बेज़ारी झोपेने जात नाही. सकाळी डोळे उघडताच कामावर जाण्याची धास्ती वाटते. ज्या कामासाठी एवढे शिकलो, त्याच कामाचा तिटकारा येऊ लागतो.

इंग्रजीत याला ‘बर्नआउट’ म्हणतात. 1974 साली न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. गरिबांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात ते काम करत होते आणि तिथले हौसेने आलेले कार्यकर्ते हळूहळू विझत जाताना त्यांनी पाहिले होते. म्हणजे हा शब्द जन्मालाच आला तो आरोग्यसेवेच्या दारात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद केली, पण ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हणून. त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शरीर आणि मन पिळून निघाल्यासारखे वाटणे, कामाबद्दल आणि समोरच्या माणसांबद्दल अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना बळावणे.

यातली दुसरी खूण आपण सर्वांनी अनुभवली आहे, फक्त ओळखली नाही. केसपेपरच्या खिडकीवर वर न बघता खेकसणारा कारकून, ‘सांगितलं ना एकदा’ म्हणून वळून जाणारी सिस्टर, रुग्णाचे नाव न घेता ‘तो तीन नंबरचा’ म्हणणारा डॉक्टर. आपण म्हणतो, या लोकांना माणुसकीच नाही. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण बऱ्याचदा पाच-सात वर्षांपूर्वी पुष्कळ माणुसकी घेऊन आलेल्या माणसाची ती उरलेली राख असते.

रोज्याला मर्यादा आहे

रोजा म्हणजे उपाशी राहण्याची परीक्षा, असे अनेकांना वाटते. पण इस्लामी परंपरेत रोज्याची जी चौकट आहे, तिच्यात सोडण्याला ठेवण्याइतकेच महत्त्व आहे. आपल्या भागात ऋतूप्रमाणे साधारण बारा ते पंधरा तासांचा रोजा होतो. सूर्य मावळला की तो सोडायचा, आणि सोडायला उशीर करू नये अशी शिकवण आहे. आणखी दोन तास ताणले म्हणून जास्त पुण्य पदरात पडत नाही. मध्ये इफ्तार न करता एका दिवसाचा रोजा दुसऱ्या दिवसात ओढत नेण्याला अरबीत ‘विसाल’ म्हणतात. पैगंबरांनी आपल्या सोबत्यांना त्याची मनाई केली होती. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सवलत आहे.

रोज दिवसा रोजा आणि रात्रभर नमाज असा नेम धरलेल्या एका तरुण सोबत्यालाही त्यांनी समजावले होते की, तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, घरच्यांचा आहे. इथे ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विश्रांती ही कोणी मेहेरबानी म्हणून द्यायची वस्तू नाही. ती शरीराचे आपल्याकडे असलेले येणे आहे.

आता हे माप रुग्णालयाला लावून पाहा. देवासाठी केलेल्या उपासालासुद्धा जर संध्याकाळची हद्द आखून दिलेली असेल, तर सलग छत्तीस तासांच्या ड्यूटीला कोणता धर्म पाठिंबा देईल? तो इफ्तार नसलेला रोजा आहे.

एका विणकराला किती माग?

आपले गाव यंत्रमागाचे आहे, म्हणून हिशेब मागाच्या भाषेतच मांडतो. एका विणकराकडे किती माग द्यायचे, याचे गणित इथल्या लहान पोरालाही कळते. ठरावीक संख्येपर्यंत तो तुटलेला धागा वेळेवर पाहतो, कांडी बदलतो, कापड स्वच्छ निघते. माग वाढवत गेले की माणूस तोच, डोळे दोनच. मग कापडात दोष दिसू लागतात. मालक विणकराला शिव्या देतो, पण मनातून त्याला ठाऊक असते की दोष विणकराच्या हातात नाही, वाटपात आहे.

परिचारिकांसाठीही असे वाटप कागदावर ठरलेले आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आता आपण शेवटचे ज्या वॉर्डात कुणाला भेटायला गेलो होतो, तो आठवावा. खाटा किती होत्या, खाली गाद्या किती अंथरल्या होत्या आणि पांढऱ्या कपड्यांतल्या किती जणी होत्या, हे मनातल्या मनात मोजावे. तिथे धागा तुटला तर कापड खराब होत नाही, माणूस जातो.

भिवंडीचे गणित तर आणखी अवघड आहे. 2011 च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या 7,09,665 होती. त्यानंतर गाव किती फुगले, हे कल्याण रोडवरची गर्दी सांगते. तालुक्यातली खेडी आणि गोदामांत राबणारे हजारो हमाल-कामगार वेगळेच. या सर्वांचा सरकारी आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, आपल्या सर्वांच्या तोंडचे ‘आयजीएम’. उपजिल्हा रुग्णालय हा वर्ग आपल्या राज्यात पन्नास किंवा शंभर खाटांचा धरला जातो. मोठ्या शहराची तहान त्या मापाच्या भांड्याने भागत नाही. मग रुग्णाच्या हातात चिठ्ठी पडते: ठाण्याला न्या, कळव्याला न्या, नाही तर मुंबईला जे.जे. किंवा सायनला. ही चिठ्ठी लिहिणाऱ्याला नातेवाइकांचे तोंड पाहावे लागते आणि ती घेऊन पोचलेल्याला पुढच्या रुग्णालयाची गर्दी.

ती गर्दी काय करते, हे ऑगस्ट 2023 मध्ये अवघ्या राज्याने पाहिले. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाचे नव्याने बांधकाम सुरू होते, म्हणून जिल्ह्याचा भार कळव्याच्या पाचशे खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयावर आला होता. तिथे चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली, आरोप-प्रत्यारोप झाले. मेलेल्यांच्या घरच्यांचे दुःख कोणत्याही स्पष्टीकरणाने कमी होणारे नव्हते. पण त्या रात्री त्या वॉर्डांत काम करत असलेल्या पंचविशी-तिशीतल्या मुला-मुलींचे पुढे काय झाले, एका पाळीत एवढी माणसे डोळ्यांदेखत गेल्यानंतर ती दुसऱ्या दिवशी त्याच खाटांशी कशी उभी राहिली, हे कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आपल्या गावावरही असा प्रसंग आला आहे. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे चाळीस जीव गेले. तो कोविडचा काळ होता. आधीच सहा महिने पीपीई किटमध्ये घाम गाळून दमलेल्या हातांत ढिगाऱ्यातून काढलेली माणसे आली. त्याच वर्षी शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची मोफत सोय करण्यात आली आणि कुणाचाही धर्म न विचारता ती दिली गेली. त्या वर्षी या गावाने खूप काही केले, याचा अभिमान आहे. पण टाळ्या आणि थाळ्या वाजवून झाल्यावर, ज्यांच्यासाठी त्या वाजवल्या, त्यांची ड्यूटी मात्र पहिल्यासारखीच राहिली.

खिडकीवरचा राग

एखाद्याला ‘देवदूत’ म्हणण्यात एक धोका असतो. देवदूताला भूक नसते, झोप नसते, आणि त्याच्याकडून चूक झाली तर क्षमाही नसते. सकाळी ज्याच्या पाया पडलो, त्याच्याच अंगावर संध्याकाळी हात उगारला जातो.

मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तिथे नव्हता, म्हणून दुसरीकडे नेण्यास सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पाठोपाठ मुंबईतही हल्ले झाले आणि राज्यातले सुमारे 4000 निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तज्ज्ञ नेमणे त्या तरुण डॉक्टरच्या हातात नव्हते. पण जमावाला सरकार भेटत नाही, मंत्रालय भेटत नाही; भेटतो तो रात्री दोन वाजता समोर उभा असलेला, सर्वांत कमी अधिकाराचा माणूस. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस मृत्यू झाल्यानंतर तर एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. संस्थेच्या प्रमुखाची ही गत, तर वॉर्डबॉय आणि मावशींची काय कथा?

हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. कायदा हवाच. पण राग का येतो, हेही पाहायला हवे. मागावरचा कामगार दिवसाची मजुरी बुडवून येतो. रांगेत तीन तास जातात. औषध बाहेरून आणायला सांगतात. त्याचा राग खोटा नसतो, फक्त त्याचा पत्ता चुकलेला असतो.

त्यात भाषेची अडचण आहे, आणि ही गोष्ट दोन भाषांत वावरणारा मी रोज पाहतो. आपल्या गावात उत्तर प्रदेश-बिहारची माणसे आहेत, पद्मशाली समाजाची तेलुगू कुटुंबे आहेत, आगरी-कोळी आहेत, कोकणी मुसलमान आहेत. विदर्भातून किंवा साताऱ्याकडून बदलून आलेल्या सिस्टरसमोर एखादी म्हातारी ‘घबराहट हो रही है’ म्हणते. ही घबराहट भीतीची, की छातीत धडधडण्याची? ‘मतली’ म्हणजे मळमळ, हे तिला कुणी शिकवलेले नसते. ‘कमज़ोरी’ या एका शब्दात रक्त कमी असण्यापासून नैराश्यापर्यंत काहीही दडलेले असू शकते. दोन वेळा विचारले की म्हातारीला वाटते, ही माझ्यावर चिडली. न विचारावे तर निदान चुकते. दिवसभरात असे शंभर अर्धवट संवाद झाले की कुणाचाही आवाज चढतो. हा ताण पगार वाढवून कमी होणार नाही. मधे उभे राहणारे, दोन्ही भाषा जाणणारे कुणी मिळाले तर होईल.

झोपेचा हिशेब

निवासी डॉक्टर म्हणजे एमबीबीएस होऊन पदव्युत्तर शिक्षण घेणारे तरुण. मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालये त्यांच्याच खांद्यावर चालतात. केंद्राच्या 1992 च्या निवासी योजनेत सलग बारा तासांहून अधिक काम सहसा नसावे आणि आठवड्याला 48 तास असावेत, असे म्हटले होते. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यात आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास आणि एक साप्ताहिक सुट्टी द्यावी, अशी शिफारस आहे. बत्तीस वर्षांत अपेक्षा 48 वरून 74 वर आली, आणि ती सुधारणा म्हणून मांडावी लागली, यावरून प्रत्यक्षात काय चालते याचा अंदाज यावा. त्याच अहवालासाठी माहिती देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 31 टक्के जणांच्या मनात वर्षभरात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता.

हा प्रश्न फक्त त्यांचा नाही, खाटेवर पडलेल्या आपलाही आहे. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसले आहे. आपल्या देशात 0.03 टक्क्यांवर गाडी चालवणे गुन्हा आहे. म्हणजे ज्या अवस्थेत आपण ड्रायव्हरला पोलिसांकडे देऊ, त्या अवस्थेत डॉक्टरने सुई धरावी असा आपला आग्रह असतो. 2004 मध्ये बोस्टनच्या एका अतिदक्षता विभागातील अभ्यासात चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून गंभीर चुका 36 टक्के अधिक झाल्याचे आढळले. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली, तिच्या वडिलांनी डॉक्टरांच्या थकव्याचा प्रश्न लावून धरला आणि 1989 मध्ये त्या राज्यात आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. मर्यादा घालता येते. त्यासाठी आधी ती नसल्याची लाज वाटावी लागते.

कामाच्या तासांपेक्षाही माणसाला अधिक जाळते ती अपमानाची वागणूक. मे 2019 मध्ये, रमजानच्याच महिन्यात, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा न्यायालय देईल. पण एवढे कळायला निकालाची वाट पाहावी लागत नाही, की ज्या ठिकाणी दमलेल्या माणसाला तक्रार करायला दार नसते, तिथे ताण वरून खाली उतरत जातो आणि सर्वांत दुबळ्याच्या अंगावर पडतो. कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. डॉक्टरनेही डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही.

बेचाळीस वर्षांची ड्यूटी

मग सेवा माणसाला जाळतेच का? नाही. याचे उत्तर मुंबईच्या केईएममध्ये सापडते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर ड्यूटी संपवून घरी निघताना रुग्णालयाच्या आवारातच अत्याचार झाला. त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत असे म्हणावे लागेल. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या जवळपास बेचाळीस वर्षांत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला व्रण होऊ नयेत म्हणून त्यांनी घेतलेल्या काळजीचा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गौरव केला. ज्यांनी अरुणाला कधी चालताना पाहिले नव्हते, अशा नव्या पिढीच्या मुलींनीही तिला आपली मानले.

या कथेतून आपण बहुधा त्यागाचा धडा घेतो. मला त्यात वाटपाचा धडा दिसतो. एकाच बाईवर ती बेचाळीस वर्षे टाकली असती, तर तीही संपली असती. सकाळची गेली, दुपारची आली. एक निवृत्त झाली, दुसरी रुजू झाली. काम डोंगराएवढे होते, पण ते वाटलेले होते, आणि प्रत्येकीच्या पाठीशी दुसरी उभी होती. सेवा माणसाला विझवत नाही. सेवेत एकटे पाडणे विझवते.

आपल्या हातातले

शासनाने रिक्त पदे भरावीत, हे तर झालेच. पण रमजान हा दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा महिना नाही, म्हणून आधी गावाकडे पाहू. आपल्याकडे गल्लोगल्ली लहान खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होम आहेत. त्यांचे मालक सर्व धर्मांचे आहेत, आणि त्यांत दानशूर माणसे पुष्कळ आहेत. या महिन्यात ज़कातीचा हिशेब पैपैचा होतो. त्यांना हात जोडून एवढेच विचारायचे आहे: आपल्या रिसेप्शनवरची, वॉर्डातली, ऑपरेशन थिएटरमधली मुलगी किती तास उभी असते? तिला आठवड्याची सुट्टी आहे का? रात्री बारा तास काढल्यावर ती घरी कशी जाते? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण सर्व मंचांवरून ऐकवतो. तिला पगारपत्रकावरही जागा हवी. पगार कमी, तास जास्त आणि त्यावर रमजानचे पाकीट, हा हिशेब बरोबर नाही. आधी हक्क, मग खैरात.

दुसरे, आपण नातेवाईक म्हणून काय करतो? रुग्णाभोवती दहा जणांचा घोळका उभा करणे म्हणजे प्रेम नव्हे; सिस्टरच्या वाटेत भिंत उभी करणे आहे. एकाने थांबावे, एकानेच विचारावे आणि बाकीच्यांना त्यानेच कळवावे. मोबाइल काढून डॉक्टरचे चित्रीकरण सुरू करण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे पाहावे.

तिसरे, आमच्या महाविद्यालयांतल्या मुलांना उर्दू, हिंदी, मराठी तिन्ही येतात. रुग्णालय प्रशासनाच्या परवानगीने आठवड्यातले दोन तास केसपेपरच्या खिडकीजवळ उभे राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे म्हणणे सिस्टरपर्यंत पोचवणारी दहा मुले मिळाली, तरी किती आवाज खाली येतील! मोहल्ल्यातल्या मंडळांनी आणि मशिदींच्या विश्वस्तांनी इफ्तारची पाकिटे वाटताना एक खोका रात्रपाळीच्या वॉर्डातही पाठवावा, आणि तो रोजेदारांपुरता ठेवू नये. सफाई कामगार, शिपाई, रुग्णवाहिकेचा चालक या सगळ्यांची रात्र तेवढीच लांब असते.

चौथे, आशाताईंना विसरू नका. जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या होत्या. कोविडमध्ये दारोदार फिरलेल्या या बायकांना ‘स्वयंसेविका’ म्हटले की पगार द्यावा लागत नाही, मोबदल्यावर भागते. आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या आशाला निदान बसायला सांगून पाणी विचारू या.

आणि शेवटचे. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे नव्या इमारतींची, वाढीव खाटांची आश्वासने येतात. भूमिपूजने होतात, फलक लागतात. आपणही टाळ्या वाजवतो. यापुढे मत मागायला कुणी दारात आले, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तर ‘खाटा किती वाढवणार’ एवढेच विचारून थांबू नका. त्या खाटांजवळ रात्री उभी राहणारी माणसे किती नेमणार, आणि त्यांना घरी कधी जाऊ देणार, हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू देऊ नका.